आत्याचा अंगठा मला कसा आला? (आखूड अंगठा आणि आनुवंशिकता)

अश्विनी_नाशिकरोड | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

विषय जरा विचित्र आहे. माझ्या उजव्या हाताचा अंगठा आखूड आहे. म्हणजे खालचं पेर ठीकठाक, पण नखाचं पेर बुटकं आणि रुंद, आणि नख लांबीपेक्षा रुंदीला जास्त. डावा मात्र एकदम सरळसोट. दोन्ही अंगठे शेजारी ठेवले तर दोन वेगळ्या बायकांचे वाटतात. माझ्या आत्याचे दोन्ही अंगठे असेच, आणि आत्या सांगते की आजीचेही असेच होते. पण माझ्या वडिलांचे दोन्ही चांगले लांब, भावाचेही लांब. आम्ही समजलो की चला, संपलं हे प्रकरण माझ्यापाशी.

तर यंदा भाऊबीजेला भाचीला मेंदी काढायला हात हातात घेतला (सात-आठ वर्षांची आहे) आणि बघते तर काय, अंगठा डिट्टो माझा! वहिनी शपथेवर सांगते की बारशाला असा नव्हता, मोबाईलमधले जुने फोटो काढून दाखवले, खरंच नव्हता. वहिनीच्या आईचं म्हणणं की पोरगी अंगठा चोखायची म्हणून चपटा झाला.

तर प्रश्न असा की वडिलांना नाही, भावाला नाही, मग मला आणि भाचीला आला कुठून? आणि जन्मतः नव्हता तर नंतर कसा झाला? काही उपचार वगैरे लागतात का? कुणाच्या घरात आहे का असं?

सिडकोचा_बंड्या | शनिवार, रात्री ९:५२

फोटो टाका ताई. फोटोशिवाय असला धागा म्हणजे तर्रीशिवाय मिसळ.

काका_गंगापूररोड | शनिवार, रात्री १०:१५

हस्तसामुद्रिकात अंगठ्याला फार महत्त्व आहे. नखाचं पेर म्हणजे इच्छाशक्ती, दुसरं पेर म्हणजे तर्कशक्ती. वरचं पेर आखूड आणि जाड असेल तर माणूस हट्टी आणि तापट असतो. राग मानू नका, शास्त्र आहे ते सांगितलं.

अश्विनी_नाशिकरोड | शनिवार, रात्री १०:२१

काका, माझा उजवाच आखूड आहे, मग मी सोमवार ते बुधवार तापट आणि बाकीचे दिवस शांत असं धरायचं का 😄

काका_गंगापूररोड | शनिवार, रात्री १०:२४

बायकांचा डावा बघतात.

तर्कट | शनिवार, रात्री १०:३०

झालं, सोय झाली. ज्या हाताने उत्तर जुळेल तो हात बघायचा.

मावशी_पंचवटी | शनिवार, रात्री ११:०५

अश्विनी, तुझा धागा वाचून मला राहवलं नाही. अगं माझे दोन्ही अंगठे असेच आहेत. आता साठी उलटली म्हणून हसू येतं पण तेव्हा नव्हतं येत हसू. आमच्या वेळी बघायचे कार्यक्रम व्हायचे घरी, आणि आई मला आधी तालीम द्यायची की पोह्यांचा ट्रे कसा धरायचा. चार बोटं वर काठाला आणि अंगठे ट्रेच्या खाली दुमडून. जरा करून बघ एकदा, काय होतं ते. ट्रे पुढे कलतो, कपातला चहा बशीत येतो, आणि आपण अशा चालतो जणू पायात काटा रुतलाय. एका स्थळाच्या बरोबर त्यांचे कुणी हात बघणारे नातेवाईक आले होते, त्यांनी मला हात पुढे कर म्हणून सांगितलं आणि अंगठा बघून मान हलवली. नंतर निरोप आला, "असला अंगठा खुनी माणसाचा असतो." घ्या! मी तेव्हा झुरळ मारायला पण शेजारणीला हाक मारायचे.

नंतर ज्यांच्याशी लग्न झालं त्यांनी अंगठा कधी बघितलाच नाही. लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी भाकरी थापताना लक्षात आलं त्यांच्या, म्हणाले म्हणूनच भाकरी एवढी गोल होते का. आता ह्या दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या 😂

माझ्या मुलीला आहे, मुलाला नाही.

सिडकोचा_बंड्या | शनिवार, रात्री ११:११

मावशी ट्रेवाला प्रयोग आत्ता केला. सरबताचा ग्लास गेला. बायको विचारतेय काय चाललंय.

पेन्सिलबाई | रविवार, सकाळी ८:३०

मी शाळेत विज्ञान शिकवते. अश्विनीताईंचा प्रश्न आखूड अंगठ्याचा आहे पण अंगठ्याचाच दुसरा एक किस्सा आमच्या वर्गात घडला तो इथे सांगायलाच हवा, कारण आनुवंशिकता म्हटलं की गाईडांमध्ये हमखास तोच येतो. लिफ्ट मागताना आपण अंगठा वर करतो ना, तेव्हा काहींचा अंगठा सरळ राहतो आणि काहींचा नखाच्या सांध्यातून मागे कमानीसारखा वळतो. गाईडात लिहिलेलं असतं की सरळ अंगठा प्रभावी गुण (जनुकाची एक प्रत आली तरी दिसतो), मागे वळणारा अप्रभावी गुण (आई-बाबा दोघांकडून प्रत आली तरच दिसतो), एक जनुक, विषय संपला.

मी मुलांना घरच्यांचे अंगठे बघून यायला सांगितलं. एका मुलीच्या आईचाही अंगठा मागे वळतो, बाबांचाही वळतो, आणि हिचा सरळ. आता गाईडाच्या हिशोबाने हे शक्यच नाही, दोघांकडे फक्त अप्रभावी जनुक असेल तर मुलीकडे प्रभावी येणार कुठून? वर्गातल्या हुशार पोरांनी पाच मिनिटांत निष्कर्ष काढला, "तू दत्तक आहेस." पोरगी रडत स्टाफरूममध्ये.

मग मी कंपासपेटीतला कोनमापक घेऊन सगळ्यांचे अंगठे मोजायला लावले. कुणाचा २० अंश, कुणाचा ३५, कुणाचा ४८, कुणाचा ५२, कुणाचा ७०. दोन गट पडतच नाहीत! सगळी चढती ओळ आहे, उंचीसारखी. मुलांना विचारलं, आता सरळ आणि वळणारा यांच्यात रेघ कुठे मारायची सांगा. कुणालाच सांगता येईना.

नंतर वाचलं तर गंमत अशी की ही भानगड १९५३ पासूनची आहे. ग्लास आणि किस्लर या दोघा संशोधकांनी ५० अंशांवर रेघ मारली, त्याच्या पुढचे ते वळणारे, अलीकडचे ते सरळ, आणि म्हणाले हा अप्रभावी गुण आहे. म्हणजे आमच्या वर्गातला ४८ वाला एका जातीचा आणि ५२ वाला दुसऱ्या जातीचा! त्यांच्याही आकडेवारीत दोन वळणाऱ्या आईबापांना सरळ अंगठ्याची मुलं होतीच. तरी पुढे पुस्तकांतून पुस्तकांत ते एका ओळीचं वाक्य उतरत गेलं.

त्या मुलीला मी सगळ्या वर्गासमोर सांगितलं की तुझा अंगठा बरोबर आहे, गाईड चुकीचं आहे.

तर्कट | रविवार, सकाळी ८:५०

टाळ्या. बाई, जीभ गुंडाळण्याचंही तेच ना?

पेन्सिलबाई | रविवार, सकाळी ९:०२

तेच. १९४० मध्ये स्टर्टेव्हंट नावाच्या जनुकशास्त्रज्ञानं लिहिलं की जीभ गुंडाळता येणं प्रभावी गुण आहे. १९५२ मध्ये मॅटलॉकनं एकसारख्या जुळ्यांमध्ये बघितलं तर काही जोड्यांत एकाला येतं, दुसऱ्याला नाही. जनुकं तीच, जीभ मात्र ऐकत नाही. पुढे स्टर्टेव्हंटनंही आपला दावा मागे घेतला. गाईडवाल्यांपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही.

जुळ्यांची_आई | रविवार, सकाळी ९:२०

आमच्या एकसारख्या जुळ्या मुली, एकीला जीभ गुंडाळता येते, एकीला नाही! आणि अजून एक, आधार काढताना मला भीती होती की मशीन गोंधळेल. ऑपरेटर हसला, म्हणाला मॅडम ठसे वेगळेच असतात. खरं आहे का हे?

हाडवैद्य | रविवार, सकाळी ११:१०

हो, खरं आहे. बोटांवरच्या रेघा आईच्या पोटात साधारण दहाव्या ते सतराव्या आठवड्याच्या दरम्यान तयार होतात. भोवरा, कमान की फास हा ढोबळ प्रकार घराण्यातून येतो, पण बारीक रेघा कुठे तुटणार, कुठे फुटणार हे त्या वेळच्या बोटाच्या वाढीवर, गर्भातल्या दाबावर अवलंबून असतं. म्हणून जुळ्यांचे ठसेही वेगळे.

आता अश्विनीताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे. मी हाडांचा डॉक्टर आहे, हे रोज नाही पण अधूनमधून दिसतं. बहुतेक वेळा माणूस मनगटाच्या दुखण्यासाठी आलेला असतो आणि मला एक्सरेत अंगठा दिसतो.

तुम्ही सांगताय त्याला ब्रॅकिडॅक्टिली टाईप डी म्हणतात. अंगठ्याला दोनच पेरं असतात, बाकी बोटांना तीन. त्यातलं नखाचं पेर आखूड आणि रुंद. लहान मुलांच्या हाडाला वाढीची एक कूर्चेची चकती असते, तिथून हाड लांबीला वाढतं. वय वाढलं की चकती बुजते आणि वाढ थांबते. या प्रकारात अंगठ्याच्या टोकाच्या हाडाची चकती इतरांपेक्षा काही वर्षं आधीच बुजते. लांबी थांबते, रुंदी चालू राहते. म्हणून बारशाच्या फोटोत काही दिसत नाही आणि शाळेत जायच्या वयात एकदम दिसायला लागतं. तुमच्या वहिनींचं अगदी बरोबर आहे. अंगठा चोखण्याचा याच्याशी संबंध नाही, आजींना सांगा.

आला कुठून? हा प्रभावी गुण आहे, म्हणजे जनुकाची एक बदललेली प्रत पुरते. पण असलेल्या प्रत्येकात तो दिसतोच असं नाही. बायकांमध्ये जास्त दिसतो, पुरुषांमध्ये पुष्कळदा लपून राहतो. तुमच्या आजीकडून वडिलांना आणि आत्याला दोघांना आला, आत्याच्या हातावर दिसला, वडिलांच्या नाही. वडिलांकडून तुम्हाला आणि भावाला, तुमच्यात दिसला (तोही एकाच हातात, तेही चालतं), भावात नाही. भावाकडून भाचीला. वडील आणि भाऊ दोघं नुसते पोस्टमन.

उपचार काही नाही, लागतही नाही. पकड, लिहिणं, ताकद सगळं नॉर्मल असतं.

तर्कट | रविवार, सकाळी ११:३५

डॉक्टर, आदर आहे, पण हे जरा सोयीचं नाही का वाटत? दिसला तर जनुक आहे, नाही दिसला तर जनुक आहे पण लपलाय. काकांचा डावा हात आणि तुमचं लपलेलं जनुक यात फरक काय? पेन्सिलबाईंच्या किश्श्यात ग्लास-किस्लरनं पण असंच काहीतरी म्हटलं असणार.

काका_गंगापूररोड | रविवार, सकाळी ११:४०

अगदी माझ्या मनातलं.

हाडवैद्य | रविवार, दुपारी २:३०

ओपीडीतून आलो. तर्कट, प्रश्न रास्त आहे. फरक असा की इथे रेघ आपण मारत नाही. मागे वळण्याचे अंश सलग असतात, पण आखूड अंगठ्यात एक्सरेमध्ये हाडाची लांबी-रुंदी आणि लवकर बुजलेली चकती सरळ दिसते. दुसरं, लपलेल्या पुरुषाच्या मुलांमध्ये तो पुन्हा दिसतो, आणि तो साधारण निम्म्या मुलांत जायला हवा हे आधी सांगून नंतर घराणी तपासता येतात. तिसरं, काही घराण्यांत प्रत्यक्ष जनुक सापडलाय, हॉक्सडी-१३ नावाचा. हातापायाची बोटं घडवण्याच्या कामात जी जनुकं असतात त्यांतला तो एक. सगळ्याच घराण्यांत तोच सापडतो असं नाही हेही सांगतो. हॉक्सडी-१३ काकांच्या पोथीत असेल तर मी पोथीला नमस्कार करीन.

आणि एक महत्त्वाचं, हे वाचून कुणी घोटाळा करू नका. लहानपणापासून अंगठा रुंद असणं वेगळं, आणि मोठेपणी सगळ्याच बोटांची टोकं फुगायला लागणं, नखं घुमटासारखी होणं वेगळं. त्याला क्लबिंग म्हणतात आणि ते फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या दुखण्यात दिसू शकतं. दोन्ही हातांच्या तर्जनींची नखं पाठीला पाठ लावून बघा, मध्ये हिऱ्याच्या आकाराची बारीक फट दिसली पाहिजे. ती नसेल आणि बदल नवा असेल तर डॉक्टरांना दाखवा.

सिडकोचा_बंड्या | रविवार, दुपारी २:४४

पूर्ण नाशिक आत्ता नखाला नख लावून बसलंय. फट आहे. वाचलो.

बागवाला_निफाड | रविवार, संध्याकाळी ७:१५

राम राम. अंगठ्याचा आकार सोडा, आमच्या अंगठ्याचं दुखणं ऐका. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी आली की दिवसभर हातात कात्री, एकेका घडात कात्री घालून मणी काढायचे. बायको आणि टोळीतल्या बाया सगळ्यांचं हेच, अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत कळ मारते, सकाळी चहाचा कप उचलत नाही. बायकोचा अंगठा असाच बुटका आहे, म्हणून तिला जास्त दुखतं का?

हाडवैद्य | रविवार, संध्याकाळी ७:५०

नाही भाऊ, बुटकेपणाचा दोष नाही. अंगठा वर आणि बाजूला नेणाऱ्या दोन स्नायूंच्या दोऱ्या मनगटापाशी एका बोगद्यातून जातात, त्या बोगद्याचं अस्तर सुजतं. १८९५ मध्ये द क्वेर्व्हँ नावाच्या स्विस सर्जननं वर्णन केलेलं दुखणं आहे. अंगठा मुठीत धरून मूठ करंगळीच्या बाजूला वाकवा, कळ आली तर बहुतेक तेच. तान्ह्या बाळाला काखेत धरून उचलणाऱ्या आयांनाही होतं. विश्रांती, अंगठ्याचा पट्टा, कात्री हात बदलून वापरणं, यानं बऱ्याच जणांना बरं वाटतं. नाही वाटलं तर दाखवा, अंगावर काढू नका.

बागवाला_निफाड | रविवार, रात्री ८:०५

विश्रांती म्हणे. तेवढं द्राक्षाला सांगा 😀 पट्टा आणतो उद्या.

प्रेसवाल्यांचा_मुलगा | रविवार, रात्री ८:४०

अंगठा झिजतो पण बरं का. माझी आई, वय ७८, सगळं आयुष्य भांडी आणि शेत. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा लागतच नाही. पुसून लाव, ओला करून लाव, दुसरं बोट लाव. मागे रांग ओरडते. शेवटी डोळ्यांवर किंवा ओटीपीवर काम होतं, पण ओटीपी माझ्या मोबाईलवर आणि मी ड्यूटीवर. वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते, ते आईला चिडवायचे की मी जन्मभर नोटा मोजल्या तरी माझा ठसा शाबूत आणि तू भांडी घासून पुसून टाकलास.

इतिहासवेडा | रविवार, रात्री ९:१०

अवांतर: आधुनिक काळात सरकारी कामात हाताचा ठसा घ्यायची सुरुवात आपल्याच देशात झाली. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला, उद्देश एवढाच की नंतर त्यानं सही नाकारू नये. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय झालं, आणि वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांचा मोठा हात होता, नाव मात्र साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं झालं.

तर्कट | रविवार, रात्री ९:१८

एकलव्यापासून हेच चाललंय. अंगठा एकाचा, नाव दुसऱ्याचं.

मावशी_पंचवटी | रविवार, रात्री ९:३५

वा रे तर्कट, आज पहिल्यांदा तुझं पटलं.

मला एक सुचलं. रामकुंडावरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांकडे वहीत माझ्या सासरच्यांची पाच-सहा पिढ्यांची नावं आहेत, कोण कुणाचा मुलगा, कधी आले, सगळं. पण बायकांच्या माहेराचं फारसं काही नाही. आणि हा अंगठा तर, डॉक्टर म्हणतात तसं, बायकांच्या हातावर दिसतो. म्हणजे ज्यांच्यात दिसतो त्यांचीच नोंद नाही. कसं शोधायचं सांगा.

पेन्सिलबाई | रविवार, रात्री ९:५०

मावशी, हे मी उद्या वर्गात सांगणार आहे. परवानगी द्या.

लवचिक_लता | रविवार, रात्री १०:२०

माझा अंगठा मागे वळवला तर मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो, कॉलेजमध्ये पार्टी ट्रिक होती माझी. हे पण आनुवंशिक का? आईचाही टेकतो.

हाडवैद्य | रविवार, रात्री १०:४५

ते सांध्यांच्या सैलपणाचं लक्षण. बायटन नावाची ९ गुणांची तपासणी आहे, त्यात दोन अंगठ्यांचे २ गुण, बाकी करंगळ्या, कोपरं, गुडघे आणि कंबरेतून वाकून तळवे जमिनीला टेकणं. घराण्यात चालतं हे. नुसते अंगठे टेकत असतील आणि दुखत नसेल तर खुशाल ट्रिक करा. सांधे वारंवार निखळत असतील तर दाखवा.

सिडकोचा_बंड्या | रविवार, रात्री १०:५१

आणि ऋतिक रोशनचे उजव्या हाताला दोन अंगठे? ते मिळालं असतं तर मोबाईल टायपिंग काय झालं असतं माझं.

हाडवैद्य | रविवार, रात्री ११:००

ते तिसरंच प्रकरण, जादा अंगठा. एकाच हाताला असेल तर बहुतेक वेळा घराण्यात दुसऱ्या कुणाला नसतो, त्या गर्भाच्या वाढीतच होतं. झोपा आता.

अश्विनी_नाशिकरोड | सोमवार, रात्री ९:०५

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आत्याला फोनवर सगळं वाचून दाखवलं. मावशींच्या ट्रेच्या गोष्टीवर ती इतकी हसली की खोकला लागला, मग म्हणाली आमच्या आईनं मला रुमाल धरायला दिला होता दोन्ही हातात. म्हणजे प्रत्येक घरात काही ना काही युक्ती होतीच.

भावाला सांगितलं की तू पोस्टमन आहेस. त्याला ते अजिबात आवडलेलं नाही. वहिनी मात्र खूश आहे, आता तिला आईचं काही ऐकून घ्यावं लागणार नाही. डॉक्टर, शेवटचा प्रश्न, भावाला दुसरं मूल झालं तर?

हाडवैद्य | सोमवार, रात्री ९:४०

जनुक जाण्याची शक्यता ५० टक्के, पहिल्या मुलीला गेला म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. गेला तरी दिसेलच असं नाही, मुलगा असला तर अजून कमी. आणि बारशाला अंगठे बघू नका, काही कळणार नाही.

अश्विनी_नाशिकरोड | सोमवार, रात्री ९:४४

भाचीनं स्वतः एक गोष्ट सांगितली ती लिहायची राहिली. तिला विचारलं, शाळेत कुणी चिडवतं का. म्हणाली नाही, पण कॅरममध्ये मी अंगठ्यानं स्ट्रायकर मारते, माझा जास्त जोरात जातो.

सिडकोचा_बंड्या | सोमवार, रात्री ९:५०

अंगठ्यानं मारलेला आमच्या गल्लीत फाऊल धरतात.

तर्कट | सोमवार, रात्री ९:५३

सिडकोत काय काय फाऊल धरतात त्यावर वेगळा धागा काढ.

नवा_सदस्य_सातपूर | मंगळवार, सकाळी ७:२०

धागा पूर्ण वाचला नाही, पण ताई, लहानपणी अंगठा चोखल्याने होतं ते.